गुलछडीच्या गुडघ्यातलं वंगण

२४ नोव्हेंबर, सोमवार

ही डायरी बियाण्याच्या दुकानवाल्यानं फुकट देल्ली होती, दोन वर्षं फडताळात पडून होती. आज काढली. कारण माझ्या घरात कोणीतरी खोटं बोलून राहिलं हाये, आणि कोण थे मले तारखेनिशी पकडायचं हाये. तोंडी बोललं की लोक पलटतात. लिहिलेलं पलटत नाही.

उद्या कोणाले दाखवा लागली तर म्हणून सगळं नीट लिहून ठेवते. मी वच्छला. अठ्ठावन्न पुरे. भातकुलीच्या अलीकडं आमचं झेंडू-शेवंतीचं वावर. घरात मी, पोरगा श्याम, सून करिश्मा. आणि गुलछडी. गुलछडी म्हणजे आमची पांढरी घोडी. नवरदेव बसवाची. यांनी, म्हणजे श्यामच्या बाबानं, महादेवरावनं, तिले सहा महिन्यांची असताना आणली आणि नाचायले शिकवली. बँड वाजला की पुढचे पाय छातीपर्यंत उचलते, एक-एक ताल पकडते. अमरावतीपासून मोर्शीपर्यंत लोक नाव घेऊन मागतात. यांना जाऊन चार वर्षं झाली. यांच्यामागं मले यांचं म्हणून जे उरलं थे हीच.

परवा शनिवारी बडनेऱ्याची वरात होती. घोडी धरायले खुशालराव, यांचा जुना दोस्त, अकरा वर्षं तोच धरते. रविवारी सकाळी पाहते तर उजवा पुढचा पाय उचलून उभी, आणि गुडघा खरबुजावानी.

"नालीच्या लोखंडी जाळीवर घसरली वहिनी," खुशालराव म्हणे. "माझ्या हातून झालं. चूक माझीच."

अकरा वर्षांत नाही घसरली, आताच कशी घसरली? आणि जो माणूस इतक्या लवकर चूक कबूल करते, त्याच्या पोटात दुसरंच काहीतरी असते.

२९ नोव्हेंबर, शनिवार

अकोल्याले जाऊन आलो. श्यामनंच जिद्द धरली. म्हणे तथी जनावरांचे मोठे डॉक्टर हायेत, घोड्याचा सांधा त्याइलेच समजते. पिकअपमध्ये कुटार, म्हणजे भुसा, पसरून घोडी उभी केली, मूर्तिजापूरच्या पुढं दोन डाव थांबलो.

डॉक्टर म्हणजे एक पोरगी निघाली. आकांक्षा नाव. पायात गमबूट, हात मात्र मोठे धीराचे. तिनं गुडघ्यावरचे केस भादरले, तीन-तीनदा धुतलं, आणि सुई घालून आतलं पाणी ओढलं. पिवळं. त्यातला एक थेंब अंगठ्यावर घेतला, दुसरं बोट टेकवलं आणि हळूच दूर नेलं. थेंब टपकन खाली.

"पाहिलंत मावशी? तार येत नाही. धडधाकट घोड्याच्या सांध्यातलं वंगण घट्ट असतं. बोटांत धरलं की दोन इंच तार सुटते. सांधा सुजला की ते पातळ होतं, मग हाडं एकमेकांना घासतात."

मी म्हटलं, "म्हणजे एकतारी पाक पाहिजे, आणि हा शरबत हाये."

पोरगी हसली. "अगदी बरोबर. मी तेच मोजते. निरोगी घोड्याचं किती घट्ट, आजारी घोड्याचं किती पातळ. माझा अभ्यासच त्यावर आहे."

तीन हप्ते पूर्ण आराम म्हणे. गोठ्यातून बाहेर काढायची नाही, दोन पावलंही धावायची नाही. पट्टी, मलम, पुड्या. श्यामजवळ एक कागद देल्ला, त्यावर रोजचं लिहायचं.

आता मले काय दिसलं थे लिहिते. थे पिवळं पाणी बाटलीत भरलं आणि बाटली आतल्या खोलीत गेली. आतमध्ये नळ होता. मी वाकून पाह्यला. थोड्या वेळानं एक काचेची नळी घेऊन बाहेर आली आणि म्हणे, "फारच पातळ आहे हो."

फुलाच्या बाजारात माझी चाळीस वर्षं गेली. झेंडूच्या पोत्यावर पाणी मारलं की वजन वाढते, थे मले कोणी शिकवा लागत नाही. अडत्या मारते, उचलणारा मारते. आमीबी मारतो, थोडं. जथी मोजमाप हाये तथी पाणी हाये.

आणि तिनं आपल्या तोंडानंच सांगतलं ना की तिले अभ्यासाले आजारी घोडे पाहिजेत. धडधाकट घोड्याले कोण घेऊन जाते अकोल्याले?

२ डिसेंबर, मंगळवार

श्याम पहाटं पाचले फुलं घेऊन अमरावतीले निघते. करिश्मा तेव्हा चुलीपाशी. म्हणून आज थो गेल्यावर मी गुलछडीले मागच्या सिमेंटच्या खळ्यावर आणली. आपल्या डोळ्यानं पाहून घ्यावं म्हटलं. डॉक्टर सांगते, पोरगा सांगते, घोडी काय सांगते थे कोणी विचारलं काय?

यांच्या जुन्या फोनमध्ये बँडची दोन गाणी भरलेली हायेत, यांनी स्वतः वरातीत भरली होती. मधात यांचाच आवाज येते, "वाहवा बेटा!" फोन खळ्याच्या कठड्यावर ठेवला आणि लावलं.

नाचली. माय वं, काय नाचली! पहिल्यांदा थोडी अडखळली, मंग यांचा आवाज आला तशी दोन्ही पाय उचलून ताल धरला. दोन्ही गाणी पुरी केली. दुखत असतं तर नाचली असती काय? माझा गुडघा दुखला तर मी पाटावरून उठत नाही.

पाहून घेतलं. म्हणजे डॉक्टरीणबाई खोटी, की पट्टी-मलमाचं काही नाटक हाये, थे आता हळूहळू बाहेर येईन.

फक्त एक गोष्ट. दाणा घातला तर तोंड लावलं नाही. दाणा करिश्मानं भिजवला होता.

३ डिसेंबर

काल दुपारी गुडघा जास्त सुजला. सकाळी श्यामनं बाजारातून आल्यावर मलम लावलं आणि दुपारी सूज. तारीख लिहून ठेवली.

५ डिसेंबर, शुक्रवार

पाहून घेतलं. दीड गाणं नाचली, मंग उभी राहिली. मी म्हटलं, "चाल, पुरं कर." केलं. अंगाले घाम सुटला होता, थंडीचे दिवस असून. श्याम येऊन मलम लावून गेला. दुपारी सूज.

दोनदा झालं. अजून पुरावा पाहिजे.

८ डिसेंबर, सोमवार

खुशालराव आला. हातात गुळाचा खडा. "वहिनी, एकडाव तिले पाहू द्या. पंधरा दिवस झाले, झोप नाही मले."

मी दारातच उभी राहिली. "काहून झोप नाही? काय केलं असं?"

"सांगतलं ना, घसरली."

"घसरली की घसरवली? भातकुलीच्या त्या नव्या घोडीवाल्यानं तुमाले चहा पाजला म्हणते. दोन वेळा."

बासष्ट वर्षांचा माणूस, त्याचे ओठ हालायले लागले. मंग गुळाचा खडा ओट्यावर ठेवला, खांद्यावरची घुंगरांची माळ काढली, वरातीत गुलछडीच्या गळ्यात बांधते थे, तीबी गुळाजवळ ठेवली. आणि गेला. एक शब्द नाही. खरा माणूस भांडला असता.

गूळ मी घोडीले देल्ला नाही. चुलीत टाकला. कोणाले माहीत काय असेन त्यात.

११ डिसेंबर, गुरुवार

आज एक ट्रॉलीभर वाळू येऊन पडली. श्यामनं सांगतलेली. गोठ्यात पसरून राहिला, एकटाच घमेलं घेऊन, चांगली हातभर जाड.

मी म्हटलं, "हे कायले?"

"डॉक्टर बाईनं सांगतलं. खालची फरशी कडक हाये, पाय आदळते म्हणे. तू नळावर गेलती तेव्हा बोलली थे."

मी नळावर गेली तेव्हा! पाहा म्हणजे. मी नसताना बोलणी होऊन राहिली. मले वाटते थो पाया भरून राहिला हाये. घोडी गेली की त्या जागी गाडी उभी करायची असेन. परवाच करिश्मा म्हणत होती, फुलं न्यायले चारचाकी असती तर श्यामच्या पाठीले आराम पडला असता. पाठीची काळजी की जागेची?

आज पाहून घेतलं, सकाळी. वाळू येण्याच्या आधी. एक गाणं. दुसऱ्या गाण्यात पाय उचलला आणि तसाच अधांतरी धरला, ठेवतच नव्हती. मी फोन तिच्या कानाजवळ नेला तशी मंग ठेवला.

१४ डिसेंबर

करिश्मा चहा घेऊन आली. मी म्हटलं, तू पी आधी. तिनं पेली. मंग आत जाऊन रडत होती म्हणे. लोकाइले रडायले काय लागते?

२० डिसेंबर, शनिवार

दुसऱ्यांदा अकोला. या डावी मी पक्कं ठरवून गेली होती. सुई बाहेर आली तशी मी पोरीचं मनगट धरलं. "बाटली माझ्या डोळ्यासमोरून हालायची नाही."

मले वाटलं चिडन. नाही चिडली. "बरं मावशी. तुम्हीच पाहा ना हातानं." माझ्या हातात मोजे घातले आणि अंगठ्यावर थेंब देल्ला.

मी बोट टेकवलं, उचललं. काही नाही. नळाच्या पाण्यात आणि त्यात फरक नाही. फुलं ओवून-ओवून माझ्या बोटाले एक-एक धागा समजते. तथी धागाच नव्हता.

मंग तिनं दुसरी बाटली आणली. दुसऱ्याच कामासाठी तपासलेल्या एका धडधाकट घोड्याची. त्यातला थेंब देल्ला. मी बोट उचललं आणि तार आली. आली आणि येतच राहिली, दोन इंच, पक्की दोन इंच, आणि तुटली तेबी हळूच. दिवाळीच्या लाडवाचा पाक जमला की जशी येते तशी. म्हणजे माझ्या गुलछडीच्या गुडघ्यात हे असाले पाहिजे, आणि हे नाही. आणि थे पाणी कोणी नळाचं घातलं नव्हतं. माझ्यासमोर निघालं.

मी कबूल करते, पोरीवर उगाच घेतलं होतं. तिचं नाव मी संशयाच्या यादीतून काढलं.

तिनं काचेची नळी दाखवली. धडधाकट घोड्याचं वंगण त्यातून उतरायले वेळ घेते, गुलछडीचं थे गेलंबी. "तीन आठवड्यांत घट्ट व्हायला हवं होतं," थे म्हणे. "हे मागच्यापेक्षा पातळ झालंय. असं होतच नाही, आराम दिला तर." मंग श्यामकडं वळली. "दादा, खरं सांगा. वरातीला नेली होती का? एखादीच?"

"नाही ताई. गोठ्याबाहेर काढलीच नाही. कागदावर रोजचं लिहिलं मी."

तिनं कागद पाह्यला. रोज एकच ओळ, श्यामच्या अक्षरात. पूर्ण आराम. पूर्ण आराम. पूर्ण आराम. तिचा भरवसा बसला नाही, मले तिच्या तोंडावरून समजलं. श्यामचे कान लाल झाले होते.

मी मधात बोलली नाही. आपल्या पोटच्या पोराचं खोटं परक्या माणसाच्या तोंडून ऐकायले बरं नाही वाटत. पण डॉक्टर नाही, खुशालराव तर घरातच येत नाही, मंग राह्यलं कोण? मलम कोण लावते?

२२ डिसेंबर, सोमवार

गोठ्याले कुलूप लावलं. चावी माझ्या कमरेले. मलम उकिरड्यावर.

श्याम म्हणे, "आई, हे काय करून राहिली तू?"

"जे तू करायले पाहिजे होतं थे. तिची राखण."

२५ डिसेंबर

पाहून घेतलं. आता मलम नाही, काही नाही, तरी अर्ध्या गाण्यात बसली. घोडी अशी बसत नाही कधी. दुपारी सूज आलीच. म्हणजे मलमाचा असर अजून अंगात हाये.

२८ डिसेंबर, रविवार

श्याम चावी मागायले आला. "निदान पट्टी तरी बदलू दे. वास येईन तिले."

"मी बदलते."

"तुले बांधता येत नाही आई. पायाले घट्ट होते."

"विकायची हाये ना तुले? सरळ सांग. पाय गेला म्हणजे आई आपोआप हो म्हणन, असंच ना?"

थो खाली बसला, तथीच अंगणात. मोठा माणूस, तीस पार, लहान पोरासारखा मांडी घालून. "विकायची असती तर बाबा गेले त्याच वर्षी विकली असती. मोर्शीचा माणूस घरी आलता, तुले माहीत नाही. मी त्याले हाकलून देल्लं. बाबाचा आवाज ऐकू येते मले तिच्या अंगात."

बोलायले कोणाले येत नाही? मी चावी देल्ली नाही.

मंग थो गोठ्याच्या फळ्यांपाशी बसून राहिला, फटीतून हात घालून. तिच्याशी काहीतरी बोलत होता, बऱ्याच वेळ. काय थे ऐकू आलं नाही. सौद्याचंच असेन.

हे लिहिलं आणि वाचलं. सौदा घोडीशी कोण करते? पण दुसरं काय बोलत असेन, मले समजलं नाही.

३ जानेवारी

पाहून घेतलं. नाचली नाही. गाणं लावलं, कान टवकारले, पाय उचलला आणि तिच्या तोंडातून असा आवाज आला की मी फोन बंद केला.

कोणीतरी तिले संपवून राहिलं हाये आणि मी इतकी राखण करून मले सापडत नाही.

११ जानेवारी, रविवार

काल लिहिता आलं नाही. आज लिहिते, सगळं लिहिते, काही सोडत नाही.

काल अकोल्याले गेलो. खुशालरावबी आला होता, श्यामनं बोलावलं, घोडी पिकअपमध्ये चढत नव्हती म्हणून. मी त्याच्याकडं पाह्यलं नाही. सुई घातली आणि जे निघालं थे पिवळंबी नव्हतं, लाल झाक होती. आकांक्षानं बोट लावलंच नाही. नळीतबी टाकलं नाही.

"मावशी, बसा," थे म्हणे. "आत हाडाला हाड घासतंय. हाडावरची मऊ गादी झिजत चालली आहे. अजून एक महिना असाच गेला तर ती पाय टेकवू शकणार नाही. घोडा तीन पायांवर जगत नाही."

मंग श्यामकडं वळली, आणि या डावी आवाज चढला. "दादा, मी असे सांधे पाहिलेत. हा आराम दिलेला सांधा नाही. ही घोडी कोणीतरी कडक जमिनीवर नाचवतंय. कागद खोटा आहे."

श्यामनं नुसती मान हालवली, नाही, नाही.

तेव्हा मी पिशवीतून ही डायरी काढली. किती ताठ मानेनं काढली! म्हटलं, "पोरी, त्याच्या कागदावर जाऊ नको. माझ्याजवळ तारीखवार पुरावा हाये. कोणत्या दिवशी मलम लागलं, कोणत्या दिवशी सूज आली, सगळं लिहिलेलं हाये. तूच वाच आणि तूच सांग कोण थे."

थे बाकावर बसून वाचायले लागली. जेवणाची सुट्टी झाली, तरी वाचत होती. तिच्या हातात पेन्सिल होती. मधात-मधात एक बारीक रेघ मारायची. मी मोजून राहिली होती. एक, दोन, तीन. म्हटलं, बरोबर, श्यामचं नाव जथी-जथी आलं तथी मारून राहिली.

डायरी मिटली आणि मले विचारलं, अगदी हळू, "मावशी, हे 'पाहून घेतलं' म्हणजे काय?"

मी सांगतलं. काहून नाही सांगणार? पहाटं खळ्यावर आणते, यांच्या फोनमधली दोन गाणी लावते, नाचते का थे पाहते. रोज नाही, मधात-मधात. "दुखत असतं तर नाचली असती काय, डॉक्टरीणबाई?"

"खळं कशाचं आहे?"

"सिमेंटचं."

श्याम उठला आणि बाहेर गेला. खुशालरावनं तोंडावर दुपट्टा धरला.

आकांक्षा माझ्याजवळ येऊन बसली. "तिला शिकवलंय ना मावशी, म्हणून नाचते. दुखलं तरी नाचते. तिला वाटतं मालक सांगतोय."

मी डायरी उघडली. पेन्सिलच्या रेघा पाह्यल्या. २ तारीख. ५ तारीख. ११. २५. ३. सगळ्या माझ्याच ओळींखाली. आणि प्रत्येकीच्या खाली, पुढच्याच ओळीत नाहीतर दुसऱ्या दिवशी, माझ्याच अक्षरात, सूज, घाम, बसली, दाणा खाल्ला नाही. मीच लिहून ठेवलं होतं. मीच तारखेनिशी पकडलं होतं.

"वाहवा बेटा" म्हणत होता यांचा आवाज आणि थे पाय उचलत होती. ज्या पायात काहीच उरलं नव्हतं थो पाय. अर्ध्या गाण्यात थांबली तर मी म्हटलं, चाल, पुरं कर.

परत येताना श्याम मागं घोडीजवळ उभा होता, मी पुढं. बडनेऱ्यापर्यंत मले त्याच्याकडं वळून पाहता आलं नाही. घरी आल्यावर चावी त्याच्या हातात देल्ली. मी म्हटलं, "मी केलं रे." थो म्हणे, "माहीत हाये आई." आणि कुलूप काढून आत गेला. मले त्यानं दोन शिव्या देल्ल्या असत्या तर बरं झालं असतं.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगुळाचा पाक केला. तार पाहायले बोट बुडवलं आणि तार आली तशी मी गॅस बंद करून खाली बसली. करिश्मानं पुढचं केलं. तिनं मले काही विचारलं नाही. तिच्या हातचा चहा पेली. चांगला होता. नेहमीच चांगला असेन.

लाडू घेऊन खुशालरावच्या घरी गेली. चार वर्षांत त्याच्या दारात पाय नव्हता ठेवला. घुंगरांची माळबी नेली. म्हटलं, "भाऊजी, तुमचा गूळ मी चुलीत टाकला. मले माफ करा म्हणायले तोंड नाही."

त्यानं माळ घेतली, लाडू घेतला. "वहिनी," म्हणे, "चहा मी खरंच पेलो होतो त्या घोडीवाल्याच्या घरी. थो मले नोकरी देत होता. मी म्हटलं, माझी घोडी हाये." मंग डोळे पुसले. संध्याकाळी आला, वाळूवर बसून गुलछडीचा पाय मांडीवर घेतला.

२५ जानेवारी

आकांक्षाचा फोन येते, दर चार दिवसाले. सांध्यात एक औषध सोडलं हाये, वंगण पुन्हा धरायले मदत होते म्हणे. धरनच असं नाही, बोलली थे. खोटं बोलत नाही पोरगी.

कागद आता श्याम लिहिते, मी त्याले हात लावत नाही. यांचा फोन करिश्मानं तिच्या पेटीत ठेवला. मीच देल्ला. म्हटलं, मी मागितला तरी देऊ नको.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

लग्नाच्या तारखा पुन्हा सुरू झाल्या. आज गावातच लग्न, वरात आमच्याच रस्त्यानं. दुपारी चारच्या सुमाराले बँड ऐकू यायले लागला, पार मारुतीच्या देवळाकडून. गोठ्यात गेली तर गुलछडीचे कान उभे, आणि उजवा पाय, पट्टी बांधलेला, वाळूतून सुटून वर आलेला. कापत होता. ताल पाहत होती.

श्याम बाजारात. खुशालराव दुसऱ्या गावी. मी तिच्या मानेले मिठी मारली, कान झाकले, काही उपयोग नाही, बँड जवळ येऊन राहिला होता. मंग मी धावली. या वयात, पदर खोचून, रस्त्याच्या मधात उभी राहिली. नवरदेव कारमध्ये, पुढं पोरं नाचून राहिले, बँडवाले गाल फुगवून.

मी हात जोडले. माझं सगळ्या गावाले माहीत हाये, मी कोणापुढं हात जोडत नाही. "बापहो, माझ्या घरासमोर वाजवू नका. शंभर पावलं. माझी घोडी आजारी हाये, थे उभी राहून नाचन."

पोरं हसायले लागले. एक म्हणे, "काकू, तुमचीच घोडी तर नाचवत होते ना लोक?" मी म्हटलं, "हो. मीच नाचवली. म्हणूनच सांगून राहिली."

बँडवाल्यांचा म्होरक्या म्हातारा होता. थो यांना ओळखत असेन, मले माहीत नाही. त्यानं हात वर केला आणि सगळी वाजंत्री थांबली. वरात अख्खी आमच्या घरासमोरून मुकी गेली. फक्त चपलांचा आवाज.

गोठ्यात आली. पाय खाली ठेवला होता. मी तथीच वाळूवर बसून खूप रडली. यांच्या वेळेले रडली नव्हती थे सगळं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

अकोला. श्याम, मी, गुलछडी. पिकअपमध्ये स्वतः चढली, हळूहळू, पण चढली.

आकांक्षानं सुई घातली. पिवळं निघालं, लाल नाही. तिनं मोजे पुढं केले. "मावशी, या ना, तुम्हीच पाहा. तुमच्या बोटांना माझ्या नळीपेक्षा जास्त कळतं."

माझी बोटं शिवशिवली, खोटं काहून सांगू. मी हात पदराखाली घेतले आणि म्हटलं, "श्यामले पाहू दे."

मी बाहेर येऊन झाडाखाली बसली. दार उघडंच होतं, वाकलं असतं तर दिसलं असतं. वाकली नाही.

बऱ्याच वेळानं श्याम बाहेर आला. तोंडावरून काही समजेना. माझ्यासमोर उभा राहिला, अंगठा आणि बोट जवळ आणलं आणि हळूच दूर केलं. पाऊण इंचभर.

"एवढी आली आई," म्हणे. "एवढी येऊन तुटली."

मी म्हटलं, बरं.